सात

मोंतेविदेओ, पेन्शन कचेरी, तिसरा मजला.
जुलैची थंडी, हीटर एकच, तोही फाबिओच्या पायाशी.
माझं काम : जुन्या फायलींतल्या आकड्यांना
नावं द्यायची.
नवी व्यवस्था उघडा आकडा घेत नाही.
प्रत्येक किमतीला नाव हवं,
लहान अक्षराने सुरू होणारं,
आत मोकळी जागा चालत नाही,
फार तर जोडरेघ.

रकाना : वैवाहिक स्थिती.
शून्य अविवाहित, एक विवाहित,
दोन विधवा, तीन घटस्फोटित, चार विभक्त.
पाच, सहा कुणी वापरलेच नाहीत.
नऊ म्हणजे माहीत नाही.

आणि सात.
एकेचाळीस बायका.
नियमपुस्तकात सात नाही.

"टायपिंगची चूक," फाबिओ म्हणाला, "नऊ करून टाक."
पण चूक इतकी नेमाने करतं का कुणी?
तळघरात मूळ अर्ज मिळाले, ओलसर, पिनांना गंज.
प्रत्येक सातच्या पोटात आडवी रेघ,
एकाच हाताची,
कोपऱ्यात बारीक सही : ने. सा.

नेल्बा सागास्तुमे पासो मोलिनोला राहते.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची. माते ओतून माझ्या हातात दिला,
मी काही विचारायच्या आत म्हणाली,
"सात ना?"

सत्त्याहत्तर साल. खिडकीपाशी एदेल्मा नावाची बाई.
नवऱ्याला रात्री घेऊन गेलेले, पायात सपाता होत्या.
विवाहित लिहावं तर त्याची सही लागे.
विधवा लिहावं तर मृत्यूचा दाखला.
"आणि तू विधवा लिहिलंस," एदेल्मा म्हणाली,
"तर त्याला मीच मारल्यासारखं होईल."
मागे रांग. दारात शिपाई.
"सात रिकामा होता," नेल्बा म्हणाली.
"एका घरात मावणारा आकडा, यंत्राने गुमान घेतला.
मग दुसरी आली. मग आणखी."

आकडा म्हणजे भिंतीतला आकडाच शेवटी.
हिने त्यावर एकेचाळीस कोट अडकवले
आणि खोलीतला दिवा मालवला.

"नाव काय ठेवलं होतं त्याचं?"
"वेडी का तू? नाव ठेवलं असतं
तर कुणीतरी वाचलं असतं."

परत आले. पडद्यावर सात लुकलुकत होता.
वाट-पाहणारी.
खोडलं. त्यातल्या निम्म्या जणी फरशा पुसायला जात होत्या,
वाट बघायला वेळ कुठला.
हरवलेल्याची-बायको.
हरवते ती छत्री.
विवाहित-विधवा.
हे यंत्राने घेतलं. त्याला काय,
ते स्वल्पविराम बघतं.

एकेचाळीसपैकी अकरा जणींना पेन्शन अजून जाते.
एदेल्माचा नंबर होता. लावला.
मागे रेडिओ, कुत्रं भुंकत होतं.
सगळं सांगितलं, किमती, नावं, जोडरेघ.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "मुली, पंचेचाळीस वर्षं मी सातच आहे.
आता अंगवळणी पडलंय."

नाव आकड्याने सुरू होत नाही.
म्हणून अक्षरांत लिहिलं :
सात, आणि कंसात 7.
नाव सात. किंमत सात.
शेजारी दोन आडव्या रेघा,
त्यांच्यापुढचं यंत्र वाचत नाही, माणसं वाचतात.
तिथे लिहिलं : ही चूक नाही.

फाबिओने अर्थात नावं ठेवली.
"सातचं नाव सात? हे काय नाव झालं?"
मी म्हटलं, चालेल.
चाललं. एकही त्रुटी नाही.

पुढचा रकाना उघडला : अपत्यांची संख्या.
शून्य, दोन, एक, तीन, एक, शून्य.
मग एका ओळीत, सत्त्याहत्तर सालच्या,
सात.

सात मुलं असतील. असतात माणसांना.
तळघराची किल्ली घेतली, अर्ज शोधला, दिव्याखाली धरला.
पोटात आडवी रेघ.

पासो मोलिनोची शेवटची बस सव्वासहाला आहे.